विजयानंतरचा कारभार

युद्ध जिंकणे हे सैन्याचे काम. परंतु जिंकलेल्या प्रदेशात दुसऱ्या दिवशी बाजार उघडेल, न्याय मिळेल, याची हमी कोणी द्यावयाची, हे विजयोत्सवात सहसा कोणास सुचत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ही जबाबदारी मेजर जनरल कँडेथ यांच्यावर लष्करी राज्यपाल म्हणून पडली. सहा महिने पुरे होण्याआधीच, जून १९६२ मध्ये, कारभार मुलकी नायब राज्यपालांच्या हाती गेला. डिसेंबर १९६३ मध्ये गोमंतकीयांनी आपली विधानसभा निवडली.

हैदराबादचा अनुभव याहून कडू आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तेथे जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल वर्षाहून अधिक काळ चालला. रझाकारांच्या जुलमातून मराठवाडा सुटला, हे खरे. पण त्या सुमारास झालेल्या हत्याकांडांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत गोमंतक आणि मराठवाडा येथून आलेली कुटुंबे आज शेजारी नांदत आहेत. त्यांनी मुक्तिदिन अवश्य साजरे करावेत. त्यासोबत विजयानंतरचा हिशेबही मागावा.

आमचे म्हणणे एवढेच: लष्करी अंमलाची मुदत आधी ठरावी आणि त्या काळात जे घडले ते प्रजेसमोर यावे. परमुलखात शांतिसेना धाडणाऱ्या भारताने तरी हा धडा विसरू नये.