चुकलेला आकडा खोडूं नये

गतवर्षीं उपनगरांतील एका शाळेच्या प्रयोगशाळेंत घटकाभर बसण्याचा योग आम्हांस आला. नेमलेला प्रयोग साधा होता. पांच ग्रॅम मोरचूद पाण्यांत विरघळवावयाचा, त्यांत कॉस्टिक सोड्याचें द्रावण घालावयाचें, निळा साका तापवून काळा करावयाचा, आणि तो गाळून, धुऊन, वाळवून त्याचें वजन करावयाचें. हा काळा पदार्थ म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. हिशेबानें तो १.५९ ग्रॅम भरावयास हवा. एका मुलाचा १.९ भरला. त्यानें शेजाऱ्याच्या वहींत डोकावून पाहिलें, आपला आकडा खोडला आणि १.५९ लिहून शिक्षकांची सही घेतली. सही मिळाली, हें विशेष!

त्या दिवशीं वर्गांत शिकण्याजोगा आकडा तो एकच होता, असें आमचें स्पष्ट मत आहे. वजन अधिक कां भरलें? साका नीट धुतला नसावा. त्यांत सोडियम सल्फेट राहिलें असावें, किंवा पाणी. धुवणाच्या पाण्यांत बेरियम क्लोराइडाचे दोन थेंब टाकले असते, तर पांढऱ्या गढूळपणानें सल्फेटानें स्वतःच साक्ष दिली असती. त्याहून पक्की कसोटीहि आहे. त्या भुकटीपैकीं ०.१ ग्रॅम सौम्य आम्लांत विरघळवून पोटॅशियम आयोडाइड घालावें, आणि सुटलेलें आयोडीन हायपोच्या दशांश नॉर्मल द्रावणानें मोजावें. शुद्ध ऑक्साइडास सुमारें १२.६ मिलिलिटर लागतात. या मुलास साडेदहाच्या आसपासच लागले असते, व आपली भुकटी शंभरांत चौऱ्यायशीच भाग खरी आहे, हें त्यानें स्वतः शोधून काढलें असतें. केवढा आनंद त्याचा हुकला!

धुण्याचें हें काम क्षुल्लक आहे, असें कोणी समजूं नये. घाटकोपरहून फार दूर नसलेल्या तुर्भ्यास अणुसंशोधनाचें केंद्र १९५४ सालीं स्थापन झालें. तेथें थोरियम व युरेनियम यांच्या ऑक्साइडांच्या बारीक गोळ्या ओल्या रीतीनेंच करण्याची पद्धति विकसित झाली आहे. थंड द्रावणाचे थेंब ऊन सिलिकॉन तेलांत सोडतात व ते तेथेंच थिजतात. मग त्यांस अमोनियाच्या पाण्यानें धुतात. आंत क्षार राहिले तर भाजतांना गोळ्या तडकतात. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत प्रा. सी. डी. लोखंडे व त्यांच्या शिष्यांनीं कांचेवर धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर चढविण्याचें काम पुष्कळ केलें. त्यांतील एका रीतींत कांच एका द्रावणांत बुडवावयाची, धुवावयाची, दुसऱ्यांत बुडवावयाची, पुन्हा धुवावयाची, असे फेरेच फेरे असतात. पुढें क्षकिरणांनीं त्याची परीक्षा होते ती निराळी.

शाळाचालक म्हणतील कीं, इतका वेळ कोठून आणावा? हा आक्षेप खोटा नाहीं. पस्तीस मिनिटांच्या तासांत साका खालीं बसावयासच अर्धा वेळ जातो. परंतु वर्षांतून सहा प्रयोग उरकण्यापेक्षां शनिवारीं दोन तास जोडून तीनच प्रयोग पुरे करावे. मोरचूद कांहीं सोन्याच्या भावानें मिळत नाहीं. कॉस्टिक सोडा डोळ्यांस घातक आहे, म्हणून चष्मे मात्र हवेतच. आणि तांब्याचें पाणी मोरींत न ओततां बरणींत सांठवावें.

वहीसंबंधीं एक मागणी. तींत वजनाचा रकाना शाईनें भरावा, आणि त्याशेजारीं ‘असें कां?’ हा दुसरा रकाना असावा. गुण त्या दुसऱ्या रकान्यास द्यावे. पहिल्या वर्षीं चाळीस मुलांचे चाळीस आकडे येतील. तपासणारास त्रास होईल खरा. पण आजवर चाळिसांचा आकडा एकच येत होता, तेव्हां त्रास कोणासच झाला नव्हता.