'आहे रे'ची शिस्त

*खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात बांधला की क्लब दिवाळखोरीतून वाचतात. मैदानावरची बरोबरी मात्र मिळकत वाटल्याशिवाय येत नाही, हा इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासाचाच दाखला आहे.*

इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या वीस क्लबांनी २०२५ च्या नोव्हेंबरात खर्चमर्यादेच्या दोन प्रस्तावांवर मतदान केले. पहिला मंजूर झाला. त्यानुसार २०२६-२७ च्या हंगामापासून खेळाडूंचे आणि मुख्य प्रशिक्षकाचे पगार, खेळाडूखरेदीचा वर्षावर्षाने पडणारा भार आणि दलालांचे मानधन हे सगळे मिळून क्लबच्या फुटबॉलमधील उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे लागेल. दुसरा प्रस्ताव अधिक कडक होता. तळाच्या क्लबला लीगकडून जेवढी रक्कम मिळते तिच्या पाचपटीपेक्षा अधिक खर्च कोणीही करू नये, मग तो कितीही धनाढ्य असो. यासाठी लागणारी चौदा मते काही जमली नाहीत. खेळाडूंच्या संघटनेचाही त्याला विरोध होता. म्हणजे ज्याच्या-त्याच्या ऐपतीनुसार मर्यादा पुरेशा क्लबांना चालली. सर्वांना सारखी मर्यादा चालली नाही. युरोपीय फुटबॉलची नियंत्रक संस्था 'युएफा'चा नियमही याच जातकुळीचा, फक्त तिथे मर्यादा ७० टक्क्यांची.

या नियमांचे समर्थन दोन कारणांनी केले जाते. क्लब बुडू नयेत हे पहिले आणि स्पर्धेत चुरस राहावी हे दुसरे. पहिल्यात तथ्य आहे. पोर्ट्समथ हा क्लब २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये खेळत असतानाच प्रशासकाच्या ताब्यात गेला. बरी या शतकाहून जुन्या क्लबची २०१९ मध्ये खालच्या श्रेणींच्या इंग्लिश फुटबॉल लीगमधून थेट हकालपट्टी झाली. मालकांच्या हौसेची किंमत गावाला मोजावी लागते, तेव्हा हिशेबाची शिस्त लावण्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो दुसऱ्या कारणाला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण एकाचे अंथरूण दिवाणखानाभर आणि दुसऱ्याचे हातभर असेल, तर या उपदेशाने दोघे बरोबरीला येत नाहीत. मँचेस्टर सिटीचे २०२३-२४ मधील उत्पन्न ७१.५ कोटी पौंड होते. त्याच्या ८५ टक्के म्हणजे सुमारे ६०.८ कोटी. वर्षाला १५ कोटी पौंड कमावणाऱ्या एखाद्या क्लबला याच नियमाने पावणेतेरा कोटींत भागवावे लागेल. दरी होती तेवढीच राहिली. तिला आता नियमाची मान्यता मिळाली, एवढेच. पूर्वी निदान पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेले जॅक वॉकर आपल्या गावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये तो ओतून १९९५ चे विजेतेपद आणू शकले. तो दरवाजाही आता बंद होतो.

स्पेनमध्ये हा प्रयोग २०१३ पासून सुरू आहे. तिथे प्रत्येक क्लबला त्याच्या उत्पन्नावरून संघावरील खर्चाची मर्यादा आखून दिली जाते आणि ती कठोरपणे पाळलीही जाते. इतकी, की २०२१ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला लिओनेल मेस्सीची नोंदणी करता आली नाही आणि त्याला क्लब सोडावा लागला. शिस्तीचा याहून मोठा पुरावा नको. पण या सर्व काळात विजेतेपद रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅटलेटिको माद्रिद या तिघांबाहेर एकदाही गेलेले नाही. बाहेरचा शेवटचा विजेता व्हॅलेन्सिया, तोही २००४ चा.

वेतनमर्यादा ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १९०१ साली खेळाडूंच्या पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली आणि तेव्हाही श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत हेच कारण दिले गेले. ही मर्यादा साठ वर्षे टिकली. प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्या काळातील जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक. पोटासाठी तो नळजोडणीचा धंदा सांभाळत असे. इटलीतील पालेर्मो क्लबने १९५२ मध्ये त्याच्यापुढे दहा हजार पौंडांचा प्रस्ताव ठेवला. प्रेस्टनने त्याला सोडले नाही आणि विषय तिथेच संपला. अखेर खेळाडूंच्या संघटनेचे नेते जिमी हिल यांनी संपाचे हत्यार उपसल्यावर जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली. तेव्हा ती होती आठवड्याला वीस पौंड.

पुढे काय झाले, हे बरोबरीच्या नावाने मर्यादा मागणाऱ्यांनी आवर्जून पाहावे. १९६१-६२ ते १९७१-७२ या अकरा हंगामांत इंग्लंडला आठ वेगवेगळे विजेते मिळाले. इप्सविच आणि डर्बी यांसारखी मध्यम शहरे त्यांत होती. पगाराचा लगाम सुटला तरी चुरस टिकली, कारण मिळकत वाटली जात होती. यजमान क्लब तिकीटविक्रीतील हिस्सा पाहुण्या क्लबला देई आणि टीव्हीचा पैसा चारही श्रेणींतील ९२ क्लबांत सारखा जाई. त्याच व्यवस्थेत लिव्हरपूलचे वर्चस्व उभे राहिले हे मान्य. पण त्याच काळात नॉटिंगहॅम फॉरेस्ट दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि लगेच पुढच्या हंगामात, १९७८ मध्ये, विजेताही झाला. तिकिटांचा हिस्सा देणे १९८३ मध्ये बंद झाले. पुढे टीव्हीच्या पैशातील मोठा वाटा वरच्या श्रेणीने आपल्याकडे ओढला आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग काढून ही श्रेणी वेगळीच झाली. युरोपातील चॅम्पियन्स लीगचा पैसा दरवर्षी त्याच त्या क्लबांच्या तिजोरीत पडू लागला. २०१७-१८ ते २०२३-२४ या सात हंगामांत सहा विजेतेपदे एकट्या मँचेस्टर सिटीची. २०१६ चे लेस्टरचे यश आजही चमत्कार म्हणून सांगितले जाते, यातच सारे आले.

वेतनमर्यादेची वाखाणणी करताना अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे १९९४ पासून सर्व संघांना एकच मर्यादा आहे. पण राष्ट्रीय टीव्ही करारांचा पैसा ३२ संघांत समसमान वाटला जातो, किमान खर्चाचीही अट आहे आणि एकूण उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा त्यांच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरतो, हे सांगायचे राहून जाते. इंग्लंडच्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत २०२० मध्ये लादलेली वेतनमर्यादा सहा महिन्यांत लवादाने रद्द ठरवली, ती खेळाडूंना विश्वासात न घेतल्यामुळेच. शिवाय अमेरिकी फुटबॉलपटूला तोडीचा पगार देणारी दुसरी लीग जगात नाही. युरोपातल्या खेळाडूला शेजारचे देश आहेत आणि आता सौदी अरेबियाही. एकट्या देशाने मर्यादा घातली, तर खेळाडू सीमा ओलांडतील.

आपल्याकडील इंडियन सुपर लीग या चर्चेला वेगळी किनार देते. इथे काही हंगाम संघाच्या पगारावर साडेसोळा कोटी रुपयांची मर्यादा होती आणि चषकही बऱ्याच हातांत फिरला. पण ही बरोबरी आत घेतलेल्यांपुरतीच होती. पाच राष्ट्रीय विजेतेपदे नावावर असलेला गोव्याचा धेंपो क्लब बाहेरच राहिला आणि साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह त्यानेही २०१६ मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. खालून वर येण्याची वाट २०२३ पर्यंत बंदच होती. वाटण्याजोगी मिळकत नसल्याने क्लब तोटा सोसत राहिले. २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारा व्यावसायिक भागीदार यांच्यातील पंधरा वर्षांच्या कराराची मुदत संपत आली आणि लीगच अधांतरी लटकली, तेव्हा बेंगळुरू एफसीने ऑगस्टमध्ये खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगारच थांबवले. पगाराची कमाल मर्यादा कागदावर, आणि किमान पगाराची हमी कुठेच नाही, अशी ही अवस्था.

तेव्हा क्रम बदलायला हवा. आधी टीव्हीच्या आणि युरोपीय स्पर्धांच्या पैशाचे अधिक समान वाटप, मग किमान खर्चाची अट आणि शेवटी वेतनमर्यादा. तीही खेळाडूंच्या संघटनांशी करार करून आणि संपूर्ण युरोपसाठी एकच. भारतात तर लीगच्या पुढच्या करारातच क्लबांचा वाटा, वेतनाची हमी आणि खालच्या श्रेणीसाठी खुला दरवाजा लिहून घ्यायला हवा. मर्यादेची मागणी करणाऱ्या प्रत्येक मालकाला खेळाडूंनी एवढेच विचारावे : आपल्या मिळकतीतील किती वाटा तुम्ही शेजारच्या क्लबला द्याल? याचे उत्तर मिळेपर्यंत पगारकपातीला स्पर्धेच्या हिताचे नाव देणे त्यांनी मान्य करू नये.