संयोजकाची निवड

कलामहोत्सवाचे संयोजन म्हणजे कारकुनी, हा समज चेन्नईचा इतिहास खोटा ठरवितो. देवदासींचे सदिर नृत्य अनैतिक ठरवून बंद पाडू पाहणारी चळवळ जोरात असतानाच, मद्रास म्युझिक अकॅडमीचे एक चिटणीस, वकील ई. कृष्ण अय्यर यांनी १९३१ साली कल्याणी यांच्या कन्यांना संस्थेच्या मंचावर आणले. १९३३ साली बालसरस्वती तेथे नाचल्या. मंच मिळाला तो संयोजकाच्या निवडीमुळे. पुढे त्याच नृत्याला ‘भरतनाट्यम्’ म्हणून प्रतिष्ठा लाभली, तेव्हा तो मंच प्रामुख्याने उच्चवर्णीय मुलींकडे गेला आणि बहुतेक देवदासी घराणी बाहेर राहिली. हीदेखील निवडच होती. ज्याच्या हाती कार्यक्रमपत्रिका, त्याच्या हाती परंपरा. म्हणून तिकिटांच्या हिशेबाबरोबर वगळलेल्या नावांचा हिशेबही संयोजकाकडे मागितला पाहिजे.