थट्टेला घाबरणारे भामटे

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक ज्या टेंभली गावी देण्यात आला, ते गाव शहादा तालुक्यात, म्हणजे तळोद्याच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. त्या दिवशी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी या आडगावी आले होते आणि ज्यांच्यापाशी स्वतःची ओळख पटविणारा कागद नव्हता, त्यांना आता बारा आकड्यांची ओळख मिळाली, असे मोठ्या समाधानाने सांगण्यात आले. त्या ओळखीने काय साधले आणि काय राहिले, हा निराळा विषय. पण ती ज्या नंदुरबार जिल्ह्यात जन्मास आली, त्याच जिल्ह्यातील तळोद्याच्या माणसाला आज कोणी अनोळखी इसम फोनवरून दरडावतो, ‘तुमच्या आधार क्रमांकावरून परदेशी पाठविलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत.’ ज्याने उभ्या जन्मात शहाद्याच्या पलीकडे पार्सल पाठविलेले नाही, त्याच्याही पोटात क्षणभर गोळा येतो. भामट्याचा सगळा धंदा त्या एका क्षणावर चालतो.

हे फोन आता नवीन राहिलेले नाहीत. सकाळी कर्ज देऊ करणारी कुणी ताई, दुपारी विम्याचा हप्ता, सायंकाळी ‘केवायसी अपूर्ण आहे, रात्री नऊ वाजता वीज तोडली जाईल’ असा निरोप आणि एखाद्या दिवशी थेट मुंबईच्या कस्टम्सचा किंवा सीबीआयचा ‘साहेब’, असा हा दिनक्रम आहे. यांतील कंटाळवाणे कोणते आणि घातक कोणते, हे पहिल्या दोन वाक्यांत कळत नाही. केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर भामट्यांनी २०२३ साली देशातील नागरिकांचे ७,४६५ कोटी रुपये लुबाडले आणि २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट वाढणारा दुसरा उद्योग देशात शोधूनही सापडणार नाही.

या उद्योगाला तोंड कसे द्यावे, याविषयी सरकारी उपदेश पुष्कळ झाला. लोकांनी मात्र मधल्या काळात स्वतःचा एक उपाय काढला आहे, आणि तो आहे थट्टेचा. फोन ठेवून न देता भामट्यालाच बोलत ठेवायचे, त्याचा वेळ खायचा, त्याच्या सोंगावर आपले सोंग चढवायचे, अशी ही करमणूक जगभर चालू आहे. ब्रिटनमधील ओ-टू या दूरध्वनी कंपनीने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डेझी’ नावाची एक यांत्रिक आजीबाईच कामाला लावली. ही आजी हाडामांसाची नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेला तो केवळ आवाज आहे. ती भामट्याला आपल्या मांजराच्या आणि विणकामाच्या गोष्टी ऐकवीत बसते आणि काही भामट्यांना तिने चाळीस मिनिटांपर्यंत अडकवून ठेवले, असे कंपनीचे म्हणणे आहे. आपल्याकडे त्याच महिन्यात त्रिशूर येथे एक भामटा पोलिसी गणवेश चढवून, मुंबई पोलीस म्हणून ऐटीत व्हिडिओ कॉलवर अवतरला, तो नेमका त्रिशूर पोलिसांच्या सायबर शाखेतील अधिकाऱ्यापुढे! मार्च २०२५ मध्ये कानपूरच्या एका तरुणाने याहून पुढची मजल मारली. सीबीआयचा अधिकारी म्हणविणाऱ्याने प्रकरण मिटविण्यासाठी पैसे मागितले, तेव्हा हा म्हणाला, सोनसाखळी गहाण आहे, ती सोडविली की पैसे देतो, तेवढी रक्कम तुम्हीच पाठवा. अशा निमित्तांनी त्याने त्या ‘अधिकाऱ्या’कडूनच सुमारे दहा हजार रुपये काढले. अखेर भामटाच गयावया करू लागला.

ही गोष्ट ऐकून कोणाला हसू येणार नाही? पण हसून झाल्यावर तिचा थोडा विचारही केला पाहिजे. भामट्याने पाठविलेले दहा हजार रुपये बहुधा त्याचे स्वतःचे नसतात. अन्य कोणाच्या लुटीतले असतात. अशा पैशाचा माग काढताना तो ज्या ज्या खात्यांतून गेला, ती ती खाती पोलिसांच्या सांगण्यावरून गोठविली जातात. कानपूरचा तरुण स्वतःहून पोलिसांकडे गेला. त्याचे अनुकरण करणारा प्रत्येक जण जाईलच असे नाही, आणि मग पगाराचे खाते का बंद पडले हे विचारीत त्याला बँकेचे उंबरठे झिजवावे लागतील. तेव्हा भामट्याचा वेळ घ्यावा, पैसा घेऊ नये. स्वतःचा आवाज द्यावा, पण चेहरा, जन्मतारीख, कोणताही आकडा देऊ नये. त्याने पाठविलेल्या दुव्याला किंवा फाइलीला बोट लावू नये आणि ‘हा दुसरा कॉल जोडून घ्या’ असे तो म्हणाला तर मुळीच जोडू नये, कारण त्या दुसऱ्या कॉलवर अनेकदा बँकेचा ओटीपीच बोलत असतो. एवढे पथ्य पाळूनच या खेळात उतरावे.

आता हा खेळ खेळण्यास सर्वांत लायक कोण, असे विचारले तर उत्तर मनोरंजक आहे. ते आहेत कचेरीतील कारकून. खोटा साहेब खरा वाटतो तो त्याच्या भाषेमुळे: केस नंबर, वॉरंट, कलम, ‘वरून आदेश आहेत’. या भाषेचे घर कोठे आहे, हे ज्याने तीस वर्षे तहसिलीत किंवा पंचायत समितीत फायली हलविल्या त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने शांतपणे विचारावे, ‘पत्राचा जावक क्रमांक काय? कोणत्या दिनांकाचे? प्रत माहितीसाठी कोणाकोणाला पाठविली?’ सीबीआयच्या सोंगाड्याजवळ बंदूक, बिल्ला, अशोकस्तंभ सारे असते, जावक क्रमांक तेवढा नसतो. शिक्षकाला त्या वॉरंटातील शुद्धलेखन तपासता येईल. तसली वॉरंटे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, लाल शाई पुरणार नाही. आणि नोकरीच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्याने त्या साहेबालाच विचारावे, ‘तुमच्याकडे भरती कधी निघते?’

मात्र या शेवटच्या प्रश्नाचे एक उत्तर असे आहे की ज्यावर हसता येत नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला नेहमी गब्बर गुन्हेगारच असतो, असे नाही. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरील ठगीच्या छावण्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले. चांगल्या पगाराची नोकरी म्हणून ही माणसे तेथे नेण्यात आली आणि अनेकांना धाकदपटशाने हेच फोन करावयास बसविण्यात आले. तत्पूर्वी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते. तेथे आपलीच शिकलेली मुले अमेरिकी करखात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालीत होती. त्या वेळी आपल्याकडे अनेकांना त्याचे कौतुकमिश्रित हसू आले होते. परक्याला इंग्रजीत घाबरविणारे तेच नाटक पुढे हिंदीत आले आणि घरोघरी त्याचे प्रयोग लागले, तेव्हा ते हसू मावळले. याखेरीज कर्ज वा विमा विकणारी ती ताई आहे. ती भामटी नसते. महिन्याकाठी ठरावीक फोन केले नाहीत तर जिचा पगार कापला जाईल अशी एक नोकरदार मुलगी असते. तिला अर्धा तास मांजराची गोष्ट ऐकविण्यात शौर्य नाही. तिला ‘नको’ म्हणावे आणि तिच्या कंपनीची तक्रार १९०९ या क्रमांकावर करावी.

या १९०९ ची कथा सांगण्यासारखी आहे. नको असलेले फोन येऊ नयेत म्हणून २००७ साली राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१० साली नवे नियम आले, २०१८ साली आणखी नवे आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतही दुरुस्ती झाली. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि बँकांचे सेवेविषयक फोन १६०० च्या मालिकेतून यावेत, अशी व्यवस्था ठरली. तरीही फोन येतात, ते साध्या दहा आकडी क्रमांकांवरून. म्हणजे कोणाच्या तरी नावावर, कोणाच्या तरी कागदपत्रांवर सिमकार्डे निघतात आणि लुटीचा पैसा कोणाच्या तरी बँक खात्यातून पुढे सरकतो. ही खाती पुष्कळदा मजुरांची आणि विद्यार्थ्यांची असतात; चार-पाच हजार रुपयांसाठी पासबुक आणि कार्ड ‘थोडे दिवस’ दुसऱ्याला वापरावयास देणाऱ्यांची असतात. हंगामात कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या आणि मुक्कादमाच्या हाती आपली कागदपत्रे बिनदिक्कत सोपविणाऱ्या मजुरांच्या तालुक्यात या धोक्याची जाणीव फोनवरील धमकीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, करून दिली पाहिजे. धमकीला बळी पडणारा पैसा गमावतो. खाते भाड्याने देणारा आरोपी होतो.

फसलेल्यांना अडाणी म्हणण्याची एक फॅशन आहे. ती किती पोकळ आहे, हे २०२४-२५ मधील दोन प्रकरणांनी दाखविले. पंजाबातील एका ज्येष्ठ उद्योगपतीला भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या खोट्या सुनावणीस पडद्यावर ‘हजर’ केले आणि सात कोटी रुपये घेतले. मुंबईत ८६ वर्षांच्या एका वृद्धेचे वीस कोटींहून अधिक रुपये गेले. विद्या, वय, संपत्ती यांपैकी काहीच उपयोगी पडले नाही. कारण भामटा बुद्धीला फसवीत नाही, तो आज्ञाधारकपणाला हाक मारतो. ती सवय आपल्या शासनानेच लावलेली आहे. अमुक तारखेपर्यंत केवायसी न केल्यास खाते बंद, तमुक दाखला न जोडल्यास अनुदान बंद, हा खऱ्या कचेऱ्यांचा रोजचा सूर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसीची मुदत जाहीर झाली, तेव्हा तळोद्याच्या पाड्यांवरील बाईने खरा निरोप आणि खोटा निरोप यांत फरक कशावरून करावयाचा होता? दोन्हींचा आवाज एकच, दोन्हींत शेवटचा दिनांक आणि दोन्हींत ‘अन्यथा’.

कायदा मात्र निःसंदिग्ध आहे. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर असे बजावले की, पोलिसांना हजर राहण्याची खरी नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येणार नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे; पहिल्या तासा-दोन तासांत कळविले तर रक्कम वाटेत अडविता येण्याचा संभव असतो. लाजेपोटी रात्रभर गप्प बसणे भामट्याच्या पथ्यावर पडते. या लाजेवरही थट्टेचाच उतारा आहे: ज्या गावात चावडीवर, एस.टी. स्थानकावर, शिक्षकांच्या खोलीत अशा फोनांच्या गोष्टी हसत हसत सांगितल्या जातात, तेथे फसलेल्याला तोंड उघडणे सोपे जाते.

तळोदा तालुक्याला भय झुगारून देण्याचा स्वतःचा इतिहास आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस याच तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी ‘आप’ची चळवळ उभारली. आदिवासींनी दारू सोडावी आणि परस्परांना ‘आप’ म्हणून मान द्यावा, एवढे साधे तिचे सांगणे होते. पण ज्यांना वरचे सारे जण ‘अरे-तुरे’ करीत त्यांनी एकमेकांस ‘आप’ म्हणावे, याचीही तत्कालीन सरकारला चिंता वाटली, आणि महाराजांच्या पश्चात चळवळ चालविणाऱ्या त्यांच्या बंधूंना, रामदास महाराजांना, हद्दपार करण्यात आले. फोनवरील साहेबाचा प्रवास नेमका उलट असतो: आरंभी ‘सर’, मग ‘तुम्ही’ आणि सावज घाबरले की ‘तू’. तो ‘तू’ ऐकताच ज्याचा ताठ कणा वाकत नाही, त्याला लुबाडणे अवघड आहे.

तळोद्याच्या शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत पुढील वर्षी एखादी नाटिका या विषयावर बसविता येईल. तिला फार लेखन लागणार नाही. एका मुलाने टोपी चढवून दिल्लीचा साहेब व्हावे आणि एका मुलीने आजी. साहेबाने हिंदीतून वॉरंट वाचावे. आजीने अहिराणीत, गुजरीत, भिलीत, जी घरची बोली असेल तीत, या भागात परक्या माणसाला ओसरीवर जे पहिल्यांदा विचारतात तेच विचारावे: तू कोठला शे, कोना पोऱ्या शे, तुना गावले पाऊस कसा शे? पडद्यामागे त्याच्या साथीदाराने कितीही कागद चाळले तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही, आणि आजी तर उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे बोलणे ऐकूनच घेत नाही.