पडद्यावरील आफ्रिका आणि अध्यापन

बारामती-इंदापूर परिसर ज्या निजामशाहीत होता, तिचा कारभार १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मलिक अंबरने सांभाळला. तो मूळचा इथिओपियाचा. ‘हबशी’ हा शब्दही त्याच देशाच्या ‘हबश’ या नावावरून आला. मराठीत मात्र तो सरसकट आफ्रिकी माणसासाठी रूढ झाला. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) वर्गात दाखविल्याने हा सरसकटपणा आपोआप जात नाही. त्यातील काल्पनिक वाकांडात दक्षिण आफ्रिकेतील खोसा भाषा, लेसोथोची घोंगडी आणि नामिबियातील हिंबांची केशभूषा एकत्र नांदतात. वऱ्हाडी बोली, कोळी पेहराव व धनगरी गजनृत्य एकाच गावचे म्हणून दाखविल्यास इंदापूरच्या विद्यार्थ्यास ते खटकेल. अध्यापकाने तीच चिकित्सा येथे जागवावी. प्रत्येक खुणेचा प्रदेश विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावा. अन्यथा चित्रपटाने जुन्या ‘हबशी’ शब्दास केवळ नवे, आकर्षक रूप दिले, असेच म्हणावे लागेल.