आधी शंख उलटा करा

2022 च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त झाली. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. पुढे या तीन जिल्ह्यांसाठी सरकारला सुमारे 98 कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. उपद्रव होता शंखी, म्हणजेच आफ्रिकन, गोगलगायीचा. तेव्हापासून बांधावर शंख सरकताना दिसला की पहिला विचार गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्यांचा येतो. कृषी सहायकांनी आणि कृषी सेवा केंद्रचालकांनी तिथेच थांबून विचारायला हवे: गोगलगाय कोणती?

पूर्ण वाढलेली शंखी कोणीही ओळखेल. लांबट, निमुळता शंख, तपकिरी रंगावर गडद उभे पट्टे, सात ते नऊ वेटोळी. पंचाईत होते ती जूनमध्ये. पिल्लांचा शंख पातळ नि गोलसर असतो. आकार, रंग, वेटोळी, सगळेच फसवे. अशा वेळी शंख उलटा करून तोंडात पाहावे. वेटोळी ज्याभोवती फिरतात तो मधला दांडा शंखीत खालच्या टोकाला कापल्यासारखा अचानक संपतो. ही खूण पिल्लातही दिसते.

देशी क्रिप्टोझोना गोगलगायीचा शंख चपटा, आणि त्यावरचे पट्टे वेटोळ्यासोबत फिरत जातात. भाजीपाला तीही कधीमधी कुरतडते, पण 2022 चे खापर तिच्यावर फोडता येणार नाही. तळ्याकाठची पायला ही गोगलगाय पावसात जमिनीवर येते. तिच्या तोंडावर पक्के झाकण असते. शंखीला असे झाकण नसते. कोरड्या दिवसांत ती तोंडावर पातळ पापुद्रा धरते, त्याला झाकण समजू नये.

गोळी मात्र यातला कोणताच भेद पाहत नाही. कुत्री-गुरेही तिला बळी पडतात. भेद न पाहणारा उपाय भलत्यावरच उलटतो: हवाई बेटांवर 1955 मध्ये याच आफ्रिकन गोगलगायीला संपवण्यासाठी मांसाहारी गोगलगाय सोडली गेली. तिने स्थानिक वृक्ष-गोगलगायींचाच फडशा पाडला. आपल्याकडे तर शंखी 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली ती बेन्सन या शंखांच्या जाणकारानेच!

ओळख पटवण्यासाठी गोगलगायीचा नमुना घेताना तो उघड्या हाताने उचलू नये. उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या कृमीच्या अळ्या शंखीत असू शकतात आणि त्यांमुळे माणसाला मेंदूज्वर होऊ शकतो. हातमोजे घालून तोंडाचा, पाठीचा आणि शेंड्याचा असे तीन फोटो काढावेत, शेजारी रुपयाचे नाणे ठेवावे, पीक आणि गाव लिहावे. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला ते दाखवावेत. तरीही शंका राहिली तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

शंखीच निघाली, तर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधालगत टाकायला सांगा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगा. गोळ्यांचे पाकीट त्यानंतर काढा.