वयच तसलं असतंय?

नववीतली पोरगी अचानक क्लासला जायला नको म्हणते. सारखं पोट दुखतं. रात्री दचकून उठते, मार्क घसरतात, आईवर खेकसते. आमच्या सोलापुरात निदान तयारच असतं: "वयच तसलं असतंय." पोरगा असेल तर दोन कानाखाली.

मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले. सर्व्हर वेड्यासारखा वागायला लागला तर आपण आधी लॉग बघतो, त्याला शिस्त लावत बसत नाही. घरात मात्र लॉगच डिलीट! प्रत्येक पोटदुखीमागे अत्याचारच असतो असं मी म्हणत नाही. पण शांतपणे विचारायला काय जातं?

फेब्रुवारी 2020 मध्ये सोलापुरातच सोळा वर्षांच्या मुलीवर कित्येक महिने अनेक जणांनी अत्याचार केल्याचं उघड झालं. असं काही झालं की आपली चर्चा थेट फाशीवर जाते. 'कित्येक महिने' या दोन शब्दांवर कुणी थांबत नाही.

केंद्र सरकारने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 53.22 टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. (कानाखाली मारणाऱ्यांनी हे परत वाचावं.) अत्याचार करणारे निम्मे तर ओळखीचेच. आणि महाराष्ट्रानं त्याच वर्षी काय केलं? शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद! म्हणे संस्कृती बिघडते. ज्या पोराला अवयवांची नावंच शिकवली नाहीत, त्यानं सांगायचं तरी कुठल्या शब्दांत?

कळल्यावरही घरातली मोठी माणसं अब्रूची मीटिंग भरवतात. काका काय म्हणतील, लग्नाचं काय. इकडे घड्याळ चालूच असतं. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि मग 28 दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीसुद्धा जितकी लवकर तितकी बरी. एफआयआर नसला तरी तपासणी करावीच लागते, आणि उपचार खासगी दवाखान्यातही फुकट. हे कुणी सांगतच नाही. जखम भरली तरी भीती, झोप उडणं, स्वतःला इजा करून घेणं मागे राहतं. त्यासाठी समुपदेशक लागतो, अंगारा नाही.

आणि शाळेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसणाऱ्या मुख्याध्यापकांनो, 2012 च्या पोक्सो कायद्यात हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. चाइल्डलाइनचा नंबर 1098. फुकट लागतो, रात्रीसुद्धा.